राखीव पट्टा

विलंबातून होणाऱ्या अन्यायाला कर्ता नसतो, हेच त्याचे सर्वांत दुःसह लक्षण होय. घाईने अन्याय घडला तर कुणाचा तरी हात दिसतो आणि त्या हाताला धरून जाब विचारता येतो. विलंबात मात्र प्रत्येकाचे हात स्वच्छ असतात. प्रत्येकाने आपापले काम नियमाला धरून, नीट, बहुधा सद्भावानेच केलेले असते, आणि त्या सगळ्या नीटनेटकेपणाच्या बेरजेतून कुणाचे तरी अर्धे आयुष्य वजा झालेले असते. अशा विलंबाला वैतागून एखाद्याने घाईचा नियम रचला, आणि त्या नियमाखाली पुन्हा तीच माणसे सापडली, तर नियम रचणाऱ्याचा धर्म कोणता? हा प्रश्न ग्रंथांत वाचताना सोपा वाटतो. शहराच्या मुख्य नियोजकासमोर तो आला तेव्हा तो जाहीर सुनावणीच्या व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसलेला होता, ध्वनिक्षेपक मधूनमधून कुंथत होता, आणि त्याच्या कोटाच्या खिशातला फोन एकदाच थरथरून शांत झाला होता.

त्याने मेजाच्या आडोशाला फोन तिरपा धरून पाहिले. निरोप ताईचा, त्याच्या थोरल्या बहिणीचा होता. "आम्ही सगळे पुलावर अडकलोय. बस हलत नाही. आम्ही येईपर्यंत सुरू करू नकोस." ताईला ऐन वेळी चष्मा सापडत नसे, त्यामुळे शेजारच्या कुणाकडून तरी तिने हे लिहून घेतले असणार, पण त्यातला हुकूम अस्सल तिचा होता. सुनावणी सुरू होऊन बराच वेळ लोटला होता. नियोजकाने मान वर केली आणि सभागृहाकडे पाहिले, म्हणजे सकाळपासून तो पाहतच होता, पण आता त्याला दिसले. पुढच्या रांगा रिकाम्या होत्या. प्रत्येक रांगेच्या टोकाला 'नदीपलीकडील रहिवाशांसाठी' अशी सुबक पाटी लावलेली होती, प्रत्येक खुर्चीवर पाण्याची बाटली उभी होती, आणि त्या बाटल्या, चांगल्या घरातल्या मुलांसारख्या, व्यासपीठाकडे तोंड करून शहाण्यासारख्या बसल्या होत्या. मागच्या रांगा भरलेल्या होत्या. तेथे बसलेली मंडळी नाश्ता करून, पायी, रमतगमत आली होती, कारण ती येथेच राहत होती. सूचनापत्रात 'सर्वांना सोयीचे मध्यवर्ती ठिकाण' हे शब्द त्यानेच घातले होते. सर्वांना. ज्या लोकांना शहरात पोचता येत नाही म्हणून रेल्वे बांधायची, त्या लोकांनी रेल्वे हवी हे सांगायला आधी शहरात पोचावे, असे त्या वाक्याने ठरवले होते. आणि हे वाक्य पाच खात्यांनी तपासले होते, कायदे-सल्लागारांनी वाचले होते, आणि कुणालाही त्यात काही खटकले नव्हते. त्यालाही नाही.

"बाराला दार बंद, सर," डावीकडून पवनगती कुजबुजला. या तरुण विशेष अधिकाऱ्याची नेमणूक कामाला वेग यावा म्हणून वरून झाली होती, आणि कार्यालयाने त्याचे बारसे पहिल्याच दिवशी उरकले होते, तो खोलीत शिरला की कारकून एकमेकांना म्हणत, "आले, पंखे बंद करा." नियोजकाला त्याचा राग येई तो त्याच्या वेगाचा नव्हे, त्याच्या ताजेपणाचा. हा माणूस अजून थकलेला नव्हता. "पलीकडचं कुणी नोंदलेलं नाही. दारावर विचारून आलो."

हा नियमही नियोजकानेच लिहिला होता. पूर्वी रेल्वेच्या प्रत्येक परवानगीसाठी वेगळे खाते, वेगळी सुनावणी, वेगळा अध्यक्ष असे. नदीची परवानगी मिळाली की जमिनीची मागायची, जमिनीची मिळाली की झाडांची, आणि प्रत्येक परवानगीला स्वतःची मुदत, दुधाला असते तशी. शेवटची हातात पडेपर्यंत पहिली नासलेली असे, आणि पुन्हा पहिल्या दारापासून आरंभ. एका सुनावणीत तर एक सभ्य गृहस्थ बैठकीमागून बैठकी बेडकांवर बोलले होते. नियोजकाचा बेडकांवर राग नव्हता. त्या गृहस्थांचेही बेडकांवर फारसे प्रेम नव्हते, त्यांना श्रोते हवे होते, आणि सरकारी श्रोता उठून जाऊ शकत नाही हे त्यांनी ओळखले होते. त्या बैठकांमध्ये नियोजकाचे केस पिकले, एक मंत्री बदलला, आणि समोरच्या भिंतीवर ओलीचा डाग वाढत वाढत एखाद्या खंडाएवढा झाला. म्हणून अधिकार हाती येताच त्याने नवा नियम केला: सगळी खाती एका मेजावर, एकच सुनावणी, एकच सकाळ. मध्याह्नापूर्वी ज्याने दारावर नाव नोंदवले तोच बोलेल. मुदतवाढ नाही. अध्यक्षाच्या विवेकाधिकाराचे कलम मसुद्यात होते, ते त्याने आपल्या लेखणीने खोडले, कारण विवेकाच्या नावाखाली चाललेली टाळाटाळ त्याने जन्मभर पाहिली होती. आणि एक कलम त्याने विशेष अभिमानाने घातले होते: ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्यापैकी कुणीच बाजूने बोलले नाही, तर गरज सिद्ध झाली नाही असे धरून प्रकरण सविस्तर चौकशीकडे जाईल. कागदावरचे पांढरे हत्ती त्यामुळे आपोआप गळतील, असा त्याचा हेतू होता. सविस्तर चौकशी म्हणजे काय हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते? वर्ष संपताच नदीवरच्या बांधकामाची मान्यता संपत होती, आणि ती पुन्हा मिळवण्याएवढे आयुष्य, त्याच्या हिशेबाने, या रेल्वेशी संबंध असलेल्या कुणाजवळच उरले नव्हते.

ध्वनिक्षेपकासमोर एक निवृत्त मास्तर उभे होते. कडक इस्त्रीचा सदरा, हातात काठी, पण काठीवर भार नाही. "मी रोज सकाळी त्या राईत चालतो," ते सांगत होते. "डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं, तर मी म्हटलं, कुठे चालू? रस्त्यावर गाड्या अंगावर येतात. तर ही राई आहे म्हणून मी आहे. तिथे घुबडाची जोडी आहे. माझा नातू त्यांना नावानं हाक मारतो, ती येत नाहीत ते सोडा. साहेब, शहरात आता उरलंय काय हिरवं?" टाळ्या पडल्या. मनापासूनच्या टाळ्या होत्या. मास्तर खोटे बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. समोर लबाड माणूस असता तर वैतागाला निदान बसायला जागा मिळाली असती.

कारण ती राई खरोखर सुंदर होती. नियोजक वृक्ष-अधिकारी बाईंबरोबर ती पाहायला गेला होता. रेल्वेसाठी शहराच्या मधोमध जमिनीचा लांब पट्टा राखून ठेवलेला, त्यावरची घरे उठवून माणसे नदीपलीकडच्या वसाहतीत हलवलेली, भोवती तारेचे कुंपण. आणि पुढे काहीच नाही. पहिल्या गणतीत तेथे एकही झाड नव्हते. मग परवानग्या फिरत राहिल्या, आणि जेथे कुणी बांधत नाही, कुणी नांगरत नाही, कुणी गाडी उभी करत नाही, अशी शहरातली ती एकच जागा उरली. पाखरांनी बिया टाकल्या. रोपे आली, रोपांची झाडे झाली, आणि ज्या घेराला कायदा झाड म्हणतो तो घेर त्यांनी एकामागून एक ओलांडला. वृक्ष-अधिकारी, ताठ वेणीची, मितभाषी तरुणी, खोडांना फीत गुंडाळत पुढे जात होती आणि तो मागून चिडत चालला होता. "आपल्या उशिरानं हे जंगल उभं केलंय आणि आता हे जंगल आपल्याला उशीर करणार," तो म्हणाला. ती फीत सोडवत म्हणाली, "सर, झाडांनी कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही, एवढाच त्यांचा गुन्हा." मग एका वळणावर त्याच्या बुटाखाली काहीतरी गुळगुळीत लागले. पाला सारून पाहिले तर लाल-काळ्या चौकटींची फरशी होती, ताईच्या स्वयंपाकघरातली. चुलीपाशी जिथे तिचा पाट असे तेथून एक जाड खोड फरशी दुभंगून वर गेले होते. त्याने बाईंना काही सांगितले नाही, सांगितले ते रात्री फोनवर ताईला. बाईंनी खोडाला फीत गुंडाळली, आकडा वाचला, लिहिला.

ते घर ताईने सर्वांच्या आधी दिले होते. तो तेव्हा नवा नियोजक होता, नकाशे काखेत मारून उत्साहाने दारोदार हिंडणारा, आणि पट्ट्यातले कुणी जागा सोडायला तयार नव्हते. तो तिच्याकडे जेवायला गेला आणि ताट वाढून होईतो त्याला धीर धरवला नाही. "तू दिलंस तर बाकीचे देतील. लोक म्हणतील, याच्या सख्ख्या बहिणीनं दिलं." ताई पदराला हात पुसत त्याच्याकडे पाहत राहिली. ती घरात शिवणकाम करी. गल्लीतल्या निम्म्या झग्यांची मापे तिला तोंडपाठ होती. "म्हणजे मी नदीपलीकडे जायचं. आणि गिऱ्हाइकं?" "गाडी येईल ना. तू गाडीत बसलीस की चहा निवायच्या आत इकडे." भावोजी, तिचे यजमान, मध्येच म्हणाले, "मेहुण्याचा शब्द आहे, घ्यायचा की नाही ते तू बघ, मी फक्त भात मागतोय." सगळे हसले होते. ताईने घर दिले, पाठोपाठ इतरांनी दिले. गिऱ्हाइके दोन वर्षे तिच्याकडे आली, मग येईनाशी झाली. तिने एकदाही त्याला दोष दिला नाही. तिने त्याला फक्त 'छोट्या' म्हणणे चालू ठेवले, भर सभेतसुद्धा, आणि त्या एका शब्दात त्याची सगळी पदे विरघळत.

आणि आता भावोजींना काही आठवत नसे. त्यांना या सभागृहापासून जवळच एका शुश्रूषागृहात ठेवावे लागले होते, कारण तसे गृह नदीपलीकडे नव्हतेच. ताई भेटायला येई. पहिली बस, मग पूल, मग दुसरी बस. "मी पोचते तोवर त्यांना जेवून झोप लागलेली असते," तिने एकदा फोनवर सांगितले होते, तक्रार म्हणून नव्हे, हवामान सांगावे तसे. "मी उशाशी बसते. एखादे वेळी पाय हलवतात. मग परतीच्या बसची वेळ होते." यावर त्याने तिला आपली मोटार पाठवतो म्हटले होते. तिने विचारले होते, "आणि वसाहतीतल्या बाकीच्यांना?" त्याला राग आला होता. कुणावर, ते त्याने तेव्हा तपासले नव्हते.

आता तपासावे लागत होते. व्यासपीठावरच्या घड्याळाचे काटे मध्याह्नाकडे सरकत होते, आणि त्याच्या आत वैतागाचा एक जुना ओळखीचा लोंढा चढत होता. पण या वेळी त्याला वळायला दिशा मिळत नव्हती. पुलावर? पूल जुना होता, एका बाजूने दुरुस्तीसाठी बंद होता, आणि दुरुस्तीचा आदेश योग्यच होता. बसचालकावर? मास्तरांवर, त्यांच्या घुबडांवर? वृक्ष-अधिकाऱ्यांवर, ज्यांचा एकही आकडा चुकलेला नव्हता? बेडकांच्या गृहस्थांवरही आता रागावता येईना, कारण त्यांनी त्याला निदान ऐकायला भाग पाडले होते, आणि त्याने काय केले होते? ऐकण्याचा वेळ छाटून त्याला वेग म्हटले होते. वेग हवाच होता. विलंबाने ताईची गिऱ्हाइके खाल्ली, भावोजींच्या जाग्या दुपारी खाल्ल्या. ज्याला वेग नको असेल त्याने त्या पुलावर एकदा बसून पाहावे. पण त्याने छाटले ते नेमके कुणाचे? पाचही खाती शाबूत होती, त्यांची टिपणे शाबूत होती, एकमेकांच्या मताची वाट पाहण्याची त्यांची रीतसुद्धा शाबूत होती. छाटली गेली होती ती फक्त लांबून येणाऱ्या माणसाची वेळ.

"एक वाट आहे, सर," पवनगती तोंडावर हात धरून म्हणाला. त्यालाही रिकाम्या रांगा दिसत होत्या, आणि नियोजकाच्या ध्यानात आले की या पोराच्या कपाळावर घाम आहे. "कायदेवाल्यांनी घातलेलं ते शेवटचं कलम. नोंदवलेल्यांपैकी एकाचीही हरकत नसेल तर दार उघडं ठेवता येतं. आपण विचारून तर बघू."

"विचारायचं तर कारण सांगावं लागेल."

"बस पुलावर अडकलीय म्हणून सांगा."

"ते मला कसं कळलं, असं कुणी विचारलं तर?"

पवनगतीने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मेजाखालचा फोन त्याने मघाशीच पाहिला असावा. "कुणी विचारणार नाही, सर."

ते खरे होते. कुणी विचारले नसते. सकाळी रीतीप्रमाणे त्याने हितसंबंध नसल्याचे निवेदन वाचले होते, आणि ते कायद्याने खोटे नव्हते. घर तर कधीच सरकारजमा झाले होते. पण आता अध्यक्षाने आपल्या बहिणीच्या निरोपावरून, आपल्या बहिणीच्या बससाठी, आपलाच नियम वाकवायला सभेची संमती मागायची, आणि बहीण हा शब्द गिळायचा? उद्या कुणाला कळले तर सबंध सुनावणी रद्द. हे भय होतेच. त्याहून वेगळे काहीतरी होते, आणि ते भयापेक्षा जड होते. ज्यांच्याकडून वाट पाहण्याचे दान मागायचे त्यांना आपण कुणासाठी मागतो ते सांगितले नाही, तर ते दान राहत नाही. आणि सांगितले, तर खुर्ची सोडावी लागणार होती. रेल्वेच्या कागदांवरून त्याचे नाव निघून जाणार होते. ज्या एका कामाला त्याने आपले सबंध पुरुषायुष्य घातले, त्याच्या अंतिम निर्णयावर या पोराची सही होणार होती, जो काम सुरू झाले तेव्हा पाळण्यात असेल. त्याला इतका वैताग आला की हसू आले.

त्याने ध्वनिक्षेपक जवळ ओढला. "मास्तरांचं झालं असेल तर मला थोडं बोलायचं आहे. नदीपलीकडचे लोक बसमधून निघालेत आणि पुलावर अडकलेत. ही रेल्वे ज्यांच्यासाठी आहे ते हे लोक. नियमानं बाराला दार बंद होईल आणि ते बाहेर राहतील. नियम मी लिहिलाय. ठिकाणही मीच निवडलं. तुमच्यापैकी कुणाचीच हरकत नसेल तर आपण थांबू शकतो." त्याने फोन मेजावर ठेवला. "त्या बसमध्ये माझी थोरली बहीण आहे. तिचं घर त्या पट्ट्यात होतं. तिनं निरोप पाठवला म्हणून मला कळलं. तेव्हा यापुढे मी या खुर्चीत बसू शकत नाही, आणि मी गेल्यावर रेल्वेबद्दल तुम्ही काय ठरवता ते ऐकायलाही मी इथे नसेन. विचारतो तेवढं: थांबाल का?"

सभागृहात कुजबूज उठली. मधल्या रांगेतला एक दंतवैद्य उभा राहिला. त्याच्या दवाखान्याची खिडकी राईकडे उघडत असे. "माझे रुग्ण खोळंबलेत," तो म्हणाला. "उगाच थांबायचं म्हणजे काय? आम्ही वेळेवर आलो ना?"

"तुम्ही समोरच राहता हो," कुणीतरी मागून म्हणाले.

"समोर राहणं गुन्हा आहे का?"

मास्तर अजून ध्वनिक्षेपकापाशीच होते. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला ही रेल्वे नको आहे," ते सावकाश म्हणाले. "मी सकाळपासून भांडतोय आणि सकाळपासून रिकाम्या खुर्च्यांशी भांडतोय. बाटल्या ऐकून घेतात, पण उत्तर देत नाहीत. मी चाळीस वर्षं वर्गात उशिरा येणाऱ्यांना बाहेर उभं केलं. आज मला वाटतं, त्यातले निम्मे लांबून येत असतील. डॉक्टर, बसा. तुम्ही लोकांना तोंड उघडून तास तास थांबवता, आज तोंड मिटून थोडं थांबा." हशा पिकला. दंतवैद्य पुटपुटत बसला. हरकत कुणी नोंदवली नाही.

नियोजक उठला. पवनगतीने खुर्ची मागे ओढायला मदत केली आणि कधी नव्हे ते सावकाश म्हणाला, "मी नीट चालवीन, सर." त्याच्या आवाजात कुठेही विजय नव्हता. नियोजकाने मान हलवली आणि तो बाजूच्या दाराने बाहेर, थांब्यापाशी येऊन उभा राहिला. हात रिकामे होते. कागदाशिवाय आपले हात कुठे ठेवायचे हे त्याला आठवेना. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, प्रत्येकीत एकेक माणूस, प्रत्येकाची घाई वेगळी, आणि त्या सगळ्या घाया मिळून रस्ता तुंबलेला. सूर्य डोक्यावर आला आणि कलला. त्याला वाटले, आपण आयुष्यात पहिल्यांदाच या रेल्वेची वाट पाहत आहोत. आजवर आपण तिच्या परवानग्यांची वाट पाहत होतो.

बस आली ती माणसांनी फुगलेली होती. माणसे उतरली: पाणी संपलेल्या बाटल्या, कडेवर पेंगणारी मुले, एक गरोदर बाई दोन्ही बाजूंनी धरलेली, कामाचा खाडा करून आलेले रंगारी, आणि शेवटी, गुडघा दाबत, पायरीवरच थबकून खालचे अंतर मोजणारी ताई. त्याने हात पुढे केला.

"तू बाहेर काय करतोयस? आत जा की."

"मी नाही आता त्यात. दुसऱ्याकडे दिलं."

"का? काय केलंस?"

"तू बसमध्ये आहेस ते सांगितलं."

ताईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, लहानपणी तो मळवून यायचा तेव्हा न्याहाळे तसे. "सांगायला एवढा वेळ लावलास होय." मग तिने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. "दार उघडं आहे ना?"

"आहे. काय बोलणार आहेस?"

"ते तुला कशाला? इतकी वर्षं तूच बोललास." आणि गरोदर बाईला पुढे घालून ती आत गेली.

त्याला आत जायचे नव्हते. पण दार उघडे ठेवलेले होते, आणि कुंथणारा ध्वनिक्षेपक त्यांचे आवाज बाहेरच्या बाकापर्यंत आणून टाकत होता. नावे नोंदली गेली. रंगारी बोलले, एक बाई पुलाला शिव्या देत बोलली आणि पवनगतीने तिला शिव्या वगळून पुन्हा बोलायला सांगितले, तेव्हा बोलण्यासारखे थोडेच उरले. मग ताईचा आवाज आला. तो नेहमीसारखाच होता, माप सांगावे तसा. "माझ्या स्वयंपाकघरात झाड उगवलंय म्हणे. मोजलं तेही ऐकलं. चांगलं झालं, कुणीतरी वाढलं तिथे. मी घर झाडासाठी दिलं नव्हतं, गाडीसाठी दिलं होतं. पण त्या झाडावर माझा राग नाही, मास्तर. माझे यजमान इथे जवळच आहेत. मी त्यांच्याकडे निघते तेव्हा ते जागे असतात, पोचते तेव्हा नसतात. ही गाडी त्यांच्या हयातीत येणार नाही, मला कळतं तेवढं. मी माझ्यासाठी मागायला आले नाही. ही माझ्याशेजारी उभी आहे, हिचे दिवस भरत आलेत, आणि इस्पितळ या बाजूला आहे. आजच्या पुलावर हिची वेळ आली असती तर आम्ही काय करणार होतो, ते मला सांगा. झाडं वाचतील तेवढी वाचवा. पण आता लवकर करा. आमच्यातलं कुणी कायम पुरत नाही." मग काठीचा आवाज आला, आणि मास्तरांनी विचारले की स्थानकाचे खांब राईच्या कडेने घेता येतील का. वृक्ष-अधिकारी म्हणाल्या की घेता येतील, मूळ नकाशात तेवढी जागा आहे, सकाळपासून कुणी विचारले नव्हते.

पवनगती बाहेर आला तेव्हा त्याचा टाय सैल झाला होता. "चौकशी टळली, सर. खांबांच्या अटीवर झाडांची मान्यताही आज देतायत, बाकीच्यांनी तिथेच मतं दिली. नवा नकाशा करावा लागेल, पण नदीच्या मुदतीत बसतो." तो जरा घुटमळला. "दंतवैद्यांनी एक पान लिहून दिलंय. गाडीच्या आवाजाबद्दल. तेही बघावं लागेल."

"बघा," नियोजक म्हणाला. "नीट बघा." पुढच्या सुनावण्या नदीपलीकडे घ्या, हेही त्याच्या ओठांवर आले होते, पण पवनगतीच्या हातात आधीच तसे टिपण होते, घाईच्या अक्षरात, अर्धेच लिहिलेले.

ताई दारातून बाहेर येऊन घड्याळ पाहत होती. "चल. चालतच जाऊ. बघू जागे आहेत का."

ती दोघे चालत गेली, तिच्या गुडघ्याच्या गतीने. भावोजींच्या खोलीत पडदा ओढलेला होता आणि जेवणाचे ताट कधीच उचलून नेलेले होते. ते कुशीवर झोपले होते, एक हात गालाखाली, लहान मुलासारखे. "बघ," ताई म्हणाली, "हे असं," आणि उशाशी बसली. नियोजकाने दुसरी खुर्ची ओढली, आवाज होऊ न देता, आणि तोही बसला. आज त्याला कुठेही जायचे नव्हते. बऱ्याच वेळाने झोपेतच भावोजींचा पाय हलला, आणि ताईने त्यावरचे पांघरूण नीट केले.

जे वाट पाहतात त्यांना दीर्घ आयुष्य लाभो, आणि ज्यांच्यासाठी वाट पाहिली जाते त्यांना सुखाची झोप. जी बाळे अजून जन्मायची आहेत ती पुलावर न अडकता पोचोत. राईतल्या घुबडांचे कल्याण असो, मास्तरांच्या पायांना बळ असो, दंतवैद्याच्या तक्रारीलाही उत्तर मिळो. आणि जो तरुण आता त्या खुर्चीत बसला आहे, त्याच्या हाताला वेग असो आणि कानाला सबुरी.